सुरमईच्या शेजारी आईचं रक्त

माझ्या आईचं रक्त रेवसहून भाऊच्या धक्क्याला आलं ते सुरमईच्या शेजारी बसून, बर्फात. आणलं तिनंच. पदराने नळी पुसून माझ्या हातात दिली. गार लागली, पण मला वाटलं, समुद्रावरचा वारा.

आई मासळी विकते. चार-चार गोळ्या खाऊनही तिचं ब्लडप्रेशर उतरेना, आणि डोक्यावर पाटी घेऊन लाँचच्या फळीवर चढताना दोनदा भोवळ आलेली. गावचे डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडावरची ग्रंथी बिघडली असेल तर ऑपरेशनने मोकळ्या व्हाल. नसेल तर धंदा सोडा, घरी बसा. फैसला करणार होतं रक्तातलं रेनिन, म्हणजे मूत्रपिंडातून सुटणारं, ब्लडप्रेशर वाढवणारं प्रथिन; त्याची तपासणी मुंबईतच व्हायची. ते अगदी कमी निघालं, तर ग्रंथी दोषी.

आता गंमत बघा. रेनिन हेच माझं काम. मुंबईच्या प्रयोगशाळेत सात वर्षं मी त्याच्याच मागे आहे. आईने एकदा विचारलं होतं, "तू तिथं करतंस तरी काय?" मी म्हटलं होतं, "तुला न्हाय कळायचं."

रिपोर्ट आला. रेनिन भरपूर, ग्रंथी निर्दोष! आईने पाटी शेजारणीला देऊन टाकली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला दुपारी घरात पाहिलं. मला ते बघवेना.

आठवड्याने विळीवर तिसऱ्यांचे शिंपले उघडता उघडता ती गावच्या डॉक्टरवर घसरली. "येडा हाय तो! म्हनतो, रगत बर्फात ठेवू नका. बर्फाबिगर काय टिकतं? मी आपली दाबून ठेवली नळी सुरमईच्या बाजूला."

कपाळ माझं! मी किंचाळलेच. मग हातवारे करत सांगू लागले. रेनिन आधी प्रोरेनिन असतं, म्हणजे झोपलेलं. त्याच्या तोंडावर त्याच्याच साखळीचा एक तुकडा झाकणासारखा बसलेला असतो. मूत्रपिंडात ते झाकण कापलं जातं, तेव्हा रेनिन कामाला लागतं. झाकण लावलेला बिनकामाचा मालही रक्तात पुष्कळ फिरतो. पण बर्फाच्या गारठ्यात झाकण न कापताच उघडतं, आणि तपासणीत ते झोपलेलं रेनिनसुद्धा जागं म्हणून मोजलं जातं.

आईने विळीवरून मान वर केली. "म्हंजे तिसऱ्यांवानीच की. फ्रीजरात ठेवल्या का विळी न लावता तोंड उघडतात."

एवढं सोपं करून मी सात वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या खेपेला आई नळी मुठीत धरून आली. लाँचवर बर्फाच्या पेटीजवळ कुणाला बसू दिलं नाही, स्वतःही बसली नाही. या वेळी रेनिन जवळजवळ नव्हतंच. ग्रंथी पकडली गेली, ऑपरेशन ठरलं.

आई लगेच शेजारणीकडून पाटी आणायला उठली. दारात थांबली.

"बाय, मला कळायचं न्हाय म्हनून सात वर्सं गप ऱ्हायलीस. आता सांग सगळं."

मला सांगायचं होतं, पण रडूच आवरेना.