बैलाच्या डोळ्यातली बाहुली

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी भावाने बैलाच्या अंगाला फवारणीचे औषध लावले. बैल जगला. भाऊ संध्याकाळी गेला.

आमचे गाव देवळीपासून दोन कोसांवर. सत्तर साल उलटून काही वर्षे झाली होती आणि कापसावर फवारायची नवी औषधे घरोघरी आली होती. मी देवळीच्या शाळेत शिकवत असे, सणाला घरी आलो होतो. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. शेती तोच पाहायचा. त्या पावसाळ्यात एका बैलाच्या मानेखाली गोचिडांचे झुबके लागले होते. असा बैल पोळ्यात उभा करणे भावाला कमीपणाचे वाटे. बादलीत औषध कालवून तो उघड्या हातांनी चोळत होता.

"कापसाचं औषध आहे ना हे?" मी ओट्यावरून विचारले.

"किडे मरतात ना त्यानं, मास्तर? मंग गोचीड काय किड्याहून मोठी लागून गेली?"

मी हसलो आणि पुन्हा पुस्तकात डोके घातले.

तासाभरात बैलाच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या. डोळ्यांतून पाणी, शेण पातळ, खांद्याची कातडी आपोआप थरथरत होती. शेजारी म्हणाले, पान लागले. म्हणजे साप चावला. मी सायकलने जाऊन देवळीहून ढोरांच्या डॉक्टरांना घेऊन आलो.

"काय लावलं याले?" त्यांनी भावाला विचारले.

"काई नाई, साहेब. पान लागलं असन."

डॉक्टरांनी बैलाच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि मलाही वाकून पाहायला लावले. बाहुली आखडून रेघेएवढी झाली होती. मग त्यांनी बैलाच्या मानेचा वास घेतला. "साप काय औषधाचा डबा घेऊन आलता?"

भाऊ बैलाचे दावे सैल करू लागला. आपल्याच बैलाला आपण विष चोळले, हे तो पोळ्याच्या तोंडावर लोकांसमोर कसे म्हणणार? डबा मी आणून दिला. सोबतचा कागद इंग्रजीत, अक्षर बारीक, आणि डॉक्टरांचा चष्मा घरी राहिलेला. "विषावर उतारा काय लिहिला तेवढं वाचा, गुरुजी." मी ती ओळ शोधून वाचली. त्यांनी इंजेक्शन दिले, बैल साबणाने धुवायला सांगितले आणि ते पुढच्या गावी गेले. बैल पाहायला आलेल्या माणसाने बैल पाहिला. त्यांना मी दोष देत नाही.

भावाने बैल दोनदा धुतला. ओला सदरा तसाच अंगावर होता. दुपारी बैलाने चाऱ्याला तोंड लावले तेव्हा भाऊ निंबाखाली जाऊन बसला.

"भाऊजी, हे घामानं एवढे काऊन भिजून राह्यले?" वहिनींनी विचारले.

"सकाळपासून राबला ना तो. पडू द्या त्याले जराक."

त्याला उलटी झाली, तेव्हा मी पित्त म्हणालो. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळू लागली, तेव्हा उठलो.

बस मिळायला वेळ लागला. देवळीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याची पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होती. सुई भरून आणेपर्यंत त्याचा श्वास थांबला होता.

तेरवीनंतर मी तो कागद पुरता वाचला. त्यात बैलाचा उल्लेखही नव्हता. घाम, लाळ, उलटी, आखडलेली बाहुली, सगळी लक्षणे माणसाची लिहिलेली होती. डॉक्टर गेल्यावर त्या अंगणात ते वाचू शकणारा मी एकटाच होतो.

वहिनींना मी ते सांगितले. त्यांनी कागद हातात घेतला.

"मंग तवाच पुरं काऊन नाई वाचलं, भाऊजी?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते.

बैल पुढे बरीच वर्षे चालला. आता शेत बटईने, पिकाच्या वाट्यावर दिले आहे. वहिनी देवळीला माझ्या घरी असतात. त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही, आणि मी उत्तर दिलेले नाही.