नानांचं वाचनवर्ष

पुस्तक हातात दिलं की नाना ते आधी उघडत नसत. गळ्यातली टेप काढायची, पुस्तकाच्या कण्यावर आडवी धरायची आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत सांगायचं, "पाऊण इंच. महिन्यात बसतं." एखादं दीड इंचाचं निघालं तर ते परत माझ्याकडे सरकवत. "भाऊ, हे लग्नसराई संपल्यावर."

नाना शिंपी होते. जामनेरच्या बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल आणि मागच्या भिंतीला गावातल्या अर्ध्या लोकांचे न नेलेले कपडे. ते मूळचे धुळ्याकडचे. गिऱ्हाइकाशी पुस्तकी मराठी बोलत, पण मन हललं की त्यांच्या तोंडून अहिराणी यायची. मी तेव्हा गावातल्या वाचनालयात काम करत होतो. मी जामनेरला नवा होतो आणि माणसांपेक्षा पुस्तकांना जास्त ओळखत होतो.

गावात टीव्ही नुकते आले होते आणि आमच्या वाचनालयाच्या खुर्च्या संध्याकाळी रिकाम्या राहू लागल्या होत्या. म्हणून आमच्या अध्यक्षांनी वाचनवर्ष काढलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना हेडसर म्हणत. योजना साधी होती. दर महिन्याला एक विषय. त्या विषयावरचं एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं आणि महिनाअखेरच्या रविवारी सगळ्यांसमोर पाच मिनिटं त्याबद्दल बोलायचं. मी एका लांबलचक वहीत उभी नावं आणि आडवे बारा महिने आखले. ज्याने वाचलं, त्याच्या चौकटीत खूण.

नावं देणारे बहुतेक शिक्षक, वकील, कचेरीतले कारकून. नाना त्या दिवशी वाचनालयाचे शिवलेले पडदे द्यायला आले होते. वही बघून म्हणाले, "माझंही टाका."

मी जरा हसलो असेन. ते म्हणाले, "सहावी झालोय. अक्षर ओळखतो. आणि एकदा माप घेतलं की कपडा देतो मी, माहीत आहे ना?"

ते मात्र खरं नव्हतं. नानांनी वायद्याच्या दिवशी कपडा दिल्याचं गावात कोणालाच आठवत नव्हतं. पण पुस्तक वेळेवर आलं. जानेवारीत प्रवासवर्णन होतं. नाना हिमालयाचं पुस्तक वाचून आले, उभे राहिले आणि म्हणाले, "माणूस धाडसी आहे. पण एवढ्या बर्फात एका कोटावर गेला. कोटाला अस्तर होतं की नव्हतं, ते लिहिलंच नाही. वाचणाऱ्याला काळजी लागते." सभागृह हसलं. हेडसरही हसले, आणि मग म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे."

फेब्रुवारीत आत्मचरित्र. नाना म्हणाले, "कापडाची शिलाई आतून बघावी. या पुस्तकात सगळी बाहेरची बाजू आहे." वकीलसाहेबांना ते पुस्तक फार आवडलेलं होतं. त्यांनी नानांकडे शिवायला दिलेला कोट दुसऱ्या दिवशी परत नेला आणि आठवड्याने पुन्हा आणून दिला. दुसऱ्या कोणाला त्यांच्या खांद्याचं माप जमत नव्हतं.

मार्चमध्ये नाटक होतं, आणि तिथून अक्का या गोष्टीत आल्या. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. दुकानाच्या मागेच घर. दुपारी स्वयंपाक आटोपला की त्या दुकानात काज-बटणं करायला बसत. नानांनी त्यांना सांगितलं, "नाटक एकट्याने वाचता येत नाही. बायांचं बोलणं तू वाच." चौथी शिकलेल्या अक्का आधी लाजल्या. मग त्यांना असा रंग चढला की त्यांनी नायकाचेही दोन संवाद स्वतःच म्हणून टाकले. शेजारचा भांडेवाला, कापड घ्यायला आलेली गिऱ्हाइकं, सगळी उभी राहून ऐकत. मी एकदा तिथून जात होतो. अक्का सासूचं बोलत होत्या आणि बाहेरच्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. कोणाच्या तरी सासूशी जुळलं असावं.

तुम्ही म्हणाल, गंमत म्हणून ठीक आहे. मलाही तसंच वाटत होतं. पण जूनमध्ये दुकानात शाळांचे गणवेश चालू होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं, नाना सुईत दोरा ओवत नाहीत, अक्का ओवून देतात. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकत होता. गणवेश त्यांनी हाताच्या अंदाजावर शिवले. पुस्तकाला मात्र तसा अंदाज चालेना.

मी म्हटलं, "नाना, राहू द्या आता. सहा महिने झाले, पुष्कळ झालं."

"कसाले राहू दिसू?" नाना म्हणाले. "अक्का वाचस. मी ऐकस."

असं ऐकणं वाचनात धरायचं का, यावर कमिटीत अर्धा तास वाद झाला. शेवटी हेडसर म्हणाले, "माणसाने पुस्तक पूर्ण समजून घेतलं आणि आपल्याला सांगितलं, तर धरू." तेव्हापासून अक्का वाचायच्या आणि नाना मशीन थांबवून, मांडीवर हात ठेवून ऐकायचे. विज्ञानाच्या महिन्यात त्यांनी केळीच्या लागवडीचं पुस्तक नेलं. नानांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. पण त्यानंतर फैजपूरकडचा एक बागायतदार लेंगा शिवायला आला, तेव्हा त्याला त्यांनी पाणी कधी तोडायचं ते सांगितलं. तो म्हणाला, "नाना, लेंगा कधी देता ते सांगा."

सप्टेंबरचा विषय होता कादंबरी. अक्कांनी स्वतः वाचनालयात येऊन पुस्तक निवडलं. एका गरीब घरातल्या मुलीची गोष्ट होती. अक्का म्हणाल्या, "हिचं नाव चांगलं आहे." मी नोंद करून दिलं. ते पुस्तक मी वाचलेलं होतं. तरी माझ्या काही लक्षात आलं नाही.

महिनाअखेरच्या रविवारी संध्याकाळी पाचला सगळे जमले. नाना उभे राहिले. त्या दिवशी ते फार छान बोलले. ती मुलगी विहिरीवर कशी भांडते, तिचं लग्न कसं ठरतं, सासरी ती कशी रुळते, सगळं डोळ्यांसमोर उभं केलं. आणि म्हणाले, "शेवटी ती बाळंतपणाला माहेरी येते. मुलगी होते. आई तिला दोन महिने ठेवून घेते, डिंकाचे लाडू करते, आणि मग मायलेकी सासरी जायला निघतात. तिथे पुस्तक संपतं."

पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. हेडसर चांगल्या मनाने, शिक्षकाच्या सवयीने म्हणाले, "नाना, तुमची काही गल्लत झाली. शेवटी ती बाळंतपणात जाते. त्यावरच तर सगळी कादंबरी उभी आहे."

नानांना नीट दिसत नव्हतं, तरी ते दाराकडे बघत राहिले. बायका दाराजवळ बसायच्या आणि अक्का त्यांच्यात होत्या. मी तिकडे पाहिलं. अक्कांनी मान खाली घातली होती. मग मी पाहिलं की गावातले जुने लोक, भांडेवाला, पोस्टातले दादा, कोणीच हसत नव्हते.

नाना हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमना पुस्तकमा मरनी व्हई. आमना घरना पुस्तकमा ती मरनी नही."

आणि खाली बसले.

मला नंतर भांडेवाल्याने सांगितलं. नानांची एकच मुलगी होती, कादंबरीतल्या मुलीच्याच नावाची, धुळ्याला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं ठरलं होतं. नानांच्या हातात लग्नाचे कपडे होते, म्हणून ते म्हणाले, चार दिवसांनी आणू. त्या चार दिवसांतच ती सासरी बाळंतपणात वारली. मूलही राहिलं नाही. त्यानंतर नवरा-बायको तिच्याबद्दल एकमेकांशी बोलताना कधी कोणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. हेडसर माझ्या आधीच येऊन बसले होते, सदऱ्याचं माप देत होते. त्यांच्याकडे सदरे भरपूर होते. नाना माप घेत होते आणि अक्का आकडे लिहून घेत होत्या. निघताना नाना मला म्हणाले, "भाऊ, सप्टेंबरच्या चौकटीत खूण करू नका. पुस्तक पुरं झालेलं नाही."

वर्ष संपलं तेव्हा त्यांच्या अकरा खुणा झाल्या होत्या. बाराही पूर्ण करणाऱ्यांना नारळ आणि पुस्तक मिळालं. नाना शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

डोळ्यांचं ऑपरेशन त्यांनी थंडीत करून घेतलं. जाड भिंगांचा चष्मा आला. त्यातून त्यांचे डोळे एवढे मोठे दिसत की लहान मुलं बघत राहायची. चष्मा आल्यावर पहिल्याच आठवड्यात नाना एकटे वाचनालयात आले आणि ती कादंबरी मागितली. मी काही न विचारता दिली. त्यांनी ती कापडाच्या तुकड्यात गुंडाळली.

चार दिवसांनी परत आणली. "वाचली," ते म्हणाले. "अक्का मामेभावाकडे पहूरला गेली होती. दुपारी दुकानाचं दार लावून घेतलं आणि शेवटची पानं वाचली."

मी वही काढली.

"नको," नानांनी माझा हात धरला. "खूण केली की गावाला कळेल. मग घरी कळेल. तिने एवढं मन लावून वाचलं होतं, भाऊ. मुलीला घरी आणलं, लाडू करून घातले. ते मी कशाला खोटं पाडू?"

नंतर वाचनवर्ष काही पुन्हा झालं नाही. पण नाना दर महिन्याला पुस्तक नेत राहिले. डोळे चांगले झाले तरी वाचायच्या अक्काच. दुपारी दोनच्या सुमाराला तिथून गेलं की त्यांचा आवाज ऐकू यायचा, आणि मशीन बंद असायचं. गिऱ्हाईक आलं तर नाना बोट वर करून त्याला थांबवत. पान संपू द्या.

पाच-सहा वर्षांनी नाना गेले. फार आजारी नव्हते. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. त्यांच्या घरी एक पुस्तक होतं, ते मी मागायला गेलो नाही. महिनाभराने अक्काच घेऊन आल्या. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि उभ्या राहिल्या. मी खुर्ची दिली.

"भाऊ, ती कादंबरी त्यांनी नंतर वाचली होती ना?" अक्कांनी एकदम विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. मी मान हलवली.

"मला ठाऊक होतं," अक्का म्हणाल्या. "मी पहूरहून आले तेव्हाच. त्यांना वाढलं, आणि जेवता जेवता म्हणाले, तू भलतं चांगलं वाचस. एवढा संसार झाला, आमटी चांगली झाली असंसुद्धा कधी म्हणाले नव्हते. मी समजले. पण बोलले नाही."

मग त्यांनी दुसरं पुस्तक मागितलं. मी दिलं. त्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"इथेच बसून वाचलं तर चालेल का? घरी मोठ्याने वाचायची सवय झाली आहे. आता भिंती ऐकतात, दुसरं कोणी नाही."

आमच्या वाचनालयात भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. तिच्याखाली चार-पाच जण वर्तमानपत्रं घेऊन बसले होते. हेडसर त्यांच्यातच होते. अक्का खिडकीपाशी बसल्या, पदर सारखा केला, पहिलं पान उघडलं आणि हलक्या आवाजात वाचू लागल्या. एका-दोघांनी वर पाहिलं. हेडसरांनी हातातलं वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलं आणि खुर्ची तिकडे वळवली.