पंधरावा गळ

गोकुळाबाईला एकाच गळाकडे डोळे लावून बसणारा मासेमार ढीवर दिसला की हसू यायचं. सिंदेवाहीकडच्या डोंगरटोल्यात, मालगुजारांच्या काळातल्या मामा तलावाच्या पाळीवर तिचे पंधरा खुंट होते. प्रत्येक खुंटाला दोर, पाण्यात गळ आणि वर एक घुंगरू. सकाळी गांडुळं लावून दोर टाकले की बाई मोहाच्या झाडाखाली जाळं विणायला मोकळी. येणाऱ्याजाणाऱ्याची खोडी काढायची, गावच्या सुनांना शिकवण द्यायची, आणि तेवढ्यात घुंगरू वाजलं की न बघता उठायची. सातवं की अकरावं, हे कानच सांगायचा.

पंधराव्या खुंटाला मात्र घुंगरू नव्हतं, बकरीच्या गळ्यातली पितळी घंटी होती. तो गळ तिच्या नवऱ्याचा. एक्याण्णवच्या माघात तो टोळीबरोबर आंध्रात मिरची तोडायला गेला. बाकी बारा जण परत आले. हा कुठल्याशा स्टेशनावर पाणी प्यायला उतरला म्हणे आणि गाडी सुटली. त्याचा भाऊ दोनदा शोधून आला, काही उपयोग झाला नाही. बांगड्या फोड म्हणणाऱ्या जावेला गोकुळाबाईने असं फाडून खाल्लं की ती वर्षभर तलावाकडे फिरकली नाही. त्या गळाला लागलेली मरळ ती विकायची नाही, खायची नाही, पाण्यात सोडून द्यायची. ज्याचा गळ त्याने येऊन काढावी!

नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही, ही तिकडची रीत. मुलगा स्वप्निल तेव्हा आठ वर्षांचा; बापाच्या रागाने त्यानेही ते नाव टाकलं. बोलायची वेळ आलीच तर ‘ते’ म्हणायचा. म्हणजे घरात ते नाव कोणाच्याच तोंडी उरलं नाही. मग मी तरी आत्ता कशाला घेऊ?

स्वप्निल चंद्रपुरात इंजिनिअर झाला, पुण्याला नोकरीला लागला. २००५ च्या दिवाळीत आला तो आईला घेऊन जायचं ठरवूनच. दुपारी मोहाखाली तिने विचारलं, “तू तिथी करतं तरी काय रे?”

“नोकरीचं राहू दे, माय. घरी आल्यावर मी माहं एक काम करतो. समज, एका कम्प्युटरले हजार लोकायचे दोर बांधले आहेत. कोणाचा निरोप कवा येईन, सांगता येत नाई. एकापाशीच उभं राह्यलं तं बाकीचे ताटकळतात. म्हणून माहा प्रोग्राम कोणापाशीच उभा राहत नाई. ज्याची घंटी वाजली, त्याच्याकडे पाह्यते. त्याले लायब्ररी म्हणतात. कोणीबी घ्यावी, आपल्या कामात जोडावी, सुधरावी. फुकट.”

“फुकट? बह्याड झाला काय?” मग हातातलं जाळं ठेवून ती म्हणाली, “अन् त्यात नवीन काय केलं त्वा? हे तं मी रोजच करते.”

“तुहापासूनच शिकलो नं.”

बाई अशी फुलली की विचारू नका. जरा वेळाने तिने सहज विचारलं, “अन् घंटी वाजलीच नाई तं?”

“तीस सेकंद पाहाचं. मंग दोर कापून टाकाचा. उगाच किती गुतून राहाचं?”

तीस सेकंद! गोकुळाबाईने पंधराव्या खुंटाकडे बघितलं. तिला पोराचं इतकं वाईट वाटलं, आणि स्वतःचंही.

“आता पुण्याले चाल, माय.”

“अन् इथी कोणी आलं तं?”

“ते येत नाईत आता. चौदा वर्षं झाले.”

दुसऱ्या दिवशी तो तिच्याआधीच तलावावर गेला. चौदा गळ टाकले. पंधरावा दोर गुंडाळला आणि घंटी खिशात घातली. डोळ्यांसमोरून गेलं की मनातूनही जाईल, असा त्याचा हिशेब. एवढा शिकलेला पोरगा, पण आईला ओळखायला चुकला.

गोकुळाबाई आली, तिने बघितलं. भांडली नाही. उघड्या खुंटापाशी जाऊन बसली. तिसरं घुंगरू वाजलं, ती उठली नाही. नववं तर थयथया नाचत होतं. तिच्या कानावर जणू पडतच नव्हतं. दोर तोडून मासा गेला. उभ्या जन्मात ती पहिल्यांदा एका खुंटापाशी अशी बसली होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा स्वप्निल गुडघाभर पाण्यात उतरला. दोर बांधला, गांडूळ लावलं, घंटी अडकवली. “घे,” म्हणाला. ती उठली आणि नवव्या खुंटाचा तुटका दोर बघायला गेली. शुक्रवारी तो एकटाच पुण्याला परतला.

दोन महिन्यांनी लटारूच्या दुकानात त्याचा फोन आला. गोकुळाबाई ओल्या पायांनीच धावली.

“माय, त्या लायब्ररीत मी एक नवीन घातलं. असा दोर, का जो कवाच कापाचा नाई. वाट पाहाची तं पाहाचीच.”

“लोकं हासले असतीन तुले.”

“शिव्या देल्ल्या. जर्मनीतला एक जण म्हणे, काऊन पायजे असलं? महिन्याभरानं त्यालेच लागलं. आता तिकडे जपानातबी लोकं त्या दोराचं नाव लिहून राह्यले.”

“कोणतं नाव?”

तिकडून पोरगा हळूच म्हणाला, “डोमा.”

गोकुळाबाईने फोन दोन्ही हातांनी धरला. लटारू साखर तोलत होता. तिने त्याच्याकडे पाठ केली.

“माय? ऐकू आलं का?”

“नाई आलं,” ती म्हणाली. “आखीन एक डाव म्हन.”

“डोमा,” तो मोठ्याने म्हणाला. इतक्या मोठ्याने, की लटारूनेही मान वर केली.

“नाईच येऊन राह्यलं रे,” गोकुळाबाई म्हणाली. “आखीन म्हन.”