एका ओळीवर अडलेला घड्याळजी

भावजी,

तुमचा रोजच्या वाचनाचा ग्रंथ माझ्याकडे आला आहे. तुमच्या मुलीने खोली आवरताना तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "काकू, बाबांनी समासात तारखा घातल्यात. मला काही उलगडत नाही, तुम्हीच बघा." मला उलगडल्या. का उलगडू नयेत? सव्वा वर्ष दर गुरुवारी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्या तारखांचीच कथा लावत होता, आणि मी "भावजी, मुद्द्याचं बोला, दूध उतू जातंय" असं म्हणत का होईना, ऐकत होते.

तुम्ही गेल्यावर प्रार्थनाघरात चार माणसं तुमच्याबद्दल बोलली. सज्जन, पापभीरू, नाकासमोर चालणारा, वगैरे वगैरे. माझं डोकं उठलं. एवढा सज्जन माणूस शेवटी इतका एकटा का पडला, हे सांगायची एकाचीही छाती झाली नाही. म्हणून मी सांगते. गोष्टीत तुम्ही घड्याळजी, आणि मी वहिनी म्हणूनच येईन. पदोपदी मी-मी करणारी माणसं मला सोसत नाहीत. चुकलं तर दुरुस्त करायला तुम्ही नाही, त्याला माझा इलाज नाही.

तर घड्याळजी. त्याचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. बसला की गुडघे टेबलाला आणि उभा राहिला की डोकं जिन्याला. मागे एक खोली, तीत पलंग, गॅसची शेगडी आणि बायकोचं शिलाई मशीन. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मशीन तेवढं राहिलं होतं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, दर रविवारी फोन करायची.

काम मात्र चोख. उमेदवारीच्या दिवसांत त्याने एकदा एकाच कंपनीची दोन मनगटी घड्याळं एकाच वेळी उघडली आणि एकाचं चाक दुसऱ्यात बसवलं. दोन्ही चालली, आणि दोन्ही चुकीची चालली. उस्तादाने मारलं नाही, ओरडलाही नाही. म्हणाला, "आता दोघांच्या घरी जा आणि सांग, तुमचं घड्याळ दुसऱ्याच्या चाकावर पळतंय." त्या दोन घरांच्या पायऱ्या चढून आल्यावर त्याने कानाला खडा लावला. एक घड्याळ उघडं असताना दुसऱ्याला हात लावायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही आदळआपट करो. काम झालं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक तारीख कोरायची, आणि मगच पुढचं.

ग्रंथाच्या बाबतीत मात्र हा नेम नव्हता. रोज सकाळी चहाच्या आधी एक अध्याय, तीस वर्षं. शेवटचं पान आलं की पुन्हा पहिलं. आवाज भरदार, त्यामुळे प्रार्थनाघरात आठवड्याचं वाचन त्याच्याकडेच असे. पूर्वी येणं-जाणं होतं तेव्हा वहिनी म्हणायची, "भावजींचं वाचन म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, पण घडा कसा घासूनपुसून लख्ख!"

एका आठवड्याला वाचन संपवून तो उतरला, तर कोपऱ्यात बसणाऱ्या बहिऱ्या म्हातारीने त्याची बाही धरली.

"काय रे वाचलंस आज? मला मेलीला ऐकू येत नाही. जरा कानात सांग."

तो वाकला, तोंड उघडलं, आणि एक शब्द आठवेना. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी वाचलेलं!

"नीट वागावं, असं होतं आजी."

"ते तर दर वेळी असतं. आज काय होतं?"

म्हातारीने बाही सोडली नाही. शेवटी "पुढच्या वेळी सांगतो" म्हणून तो सुटला.

दुसऱ्या दिवशी त्याने ग्रंथ पहिल्या पानापासून उघडला आणि ठरवलं, आता एक ओळ. ती हातून घडेपर्यंत पुढची वाचायची नाही. घडली की समासात तारीख.

पहिलीच आज्ञा खरं बोलण्याची. सोपी वाटली. त्याच दुपारी एक बाई वडिलांचं घड्याळ घेऊन आल्या. "होईल ना हो दुरुस्त?" नेहमीसारखं "होईल की" ओठांवर आलं होतं. तो म्हणाला, "चालू करून देतो बाई, पण चार महिन्यांत पुन्हा बंद पडेल. आतून झिजलंय." बाईंचा चेहरा उतरला, आणि घड्याळ घेऊन त्या दुसऱ्या दुकानात गेल्या.

रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, ठीक ना?"

"नाही गं. ठीक नाही. संध्याकाळ खायला उठते."

ती घाईने म्हणाली, "बाबा, डॉक्टरकडे जाऊन या बरं." आणि पुढच्या रविवारी तिने ठीक ना हे विचारलंच नाही, हवापाण्याचं बोलली. तारीख पडली खरी, पण फोन पाच मिनिटांचा दोन मिनिटांवर आला.

मग आली समोर नसलेल्या माणसाला नावं न ठेवण्याची ओळ. दुकानापुढे एक बाक होता. त्यावर रोज चार वाजता शिंपी आणि निवृत्त पोस्टमास्तर येऊन बसत, आणि इमारतीतल्या झाडून साऱ्यांची शिलाई उसवत. घड्याळजी आतून भिंग न काढता त्यात भर घालायचा, आणि ती भर फार मजेची असे. आता तो गप्प.

"काय रे, तोंडात स्प्रिंग धरलीयस का?" शिंप्याने विचारलं.

"नाही. ऐकतोय."

"अरे, वरच्या मजल्यावरच्या वकिलाचं तुला ठाऊक असेल की. त्याची बायको..."

"वकील इथे नाही ना. तो आला की बोलू."

पोस्टमास्तर म्हणाले, "हा साधू झालाय की बहिरा, ते आधी तपासा."

आठवडाभर दोघं चिडवत राहिले. मग बाक उचलून न्हाव्याच्या दुकानापुढे नेला. घड्याळजीला तिथून हसण्याचा आवाज यायचा. आपल्याबद्दल बोलत असतील, हे त्याला कळत होतं. त्याचंही काही म्हणणं नव्हतं. तो तिथे नव्हता ना!

प्रार्थनाघरात त्याने सांगून टाकलं, "जिथवर आलोय तेवढंच वाचीन." मग तीच ओळ तीन तीन आठवडे. लोक घड्याळं बघू लागले, आणि वाचन दुसऱ्याकडे गेलं. बहिऱ्या म्हातारीला मात्र तो दर वेळी कानात सांगे आणि ती म्हणे, "अजून तिथेच का? बरं, बरं. घाई कशाला."

आता कुणी म्हणेल, या सगळ्यातून मिळालं काय? तो पुढे एकदा वहिनीला म्हणाला, "तीस वर्षं मी देवाशी बोललो, वहिनी. आता पहिल्यांदा तो माझ्याशी बोलतोय, आणि दर वेळी मला घाम फुटतो." सकाळी तो धास्तावून उठे, पण उठे. बायको गेल्यापासून त्याला उठावंसंच वाटत नव्हतं.

सात महिन्यांत अकरा तारखा पडल्या, आणि बाराव्या ओळीवर तो अडला. ज्याच्याशी तुझं बोलणं तुटलं आहे त्याच्या दारी तू आधी जा, आणि चूक तुझी असेल तर ती आपल्या तोंडाने सांग.

चूक त्याचीच होती, आणि बावीस वर्षं ती त्याच्याशिवाय फक्त दोघांना माहीत होती. त्याचा थोरला भाऊ, दादा, नोकरीमुळे दुसऱ्या गावी राहत असे. आई धाकट्याकडे. शेवटचं दुखणं आलं तेव्हा तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं यानेच केलं. पण दार वाजलं की आई विचारी, "थोरला आला का?" दिवसातून दहादा. जो उशाशी बसलाय त्याची चौकशी नाही, जो नाही त्याचा ध्यास. डॉक्टर म्हणाले, बोलवायचं त्यांना बोलवा. हा कोपऱ्यावरच्या फोनपाशी गेला, उभा राहिला आणि परत आला. आईला म्हणाला, "फोन केलाय, निघतोय तो." तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी आई गेली, आणि मग त्याने खरोखर फोन केला.

दादा आले तेव्हा नातेवाइकांत कुजबूज सुरू होती, आईसाठी थोरल्याला सवड झाली नाही म्हणून. कुणीतरी उघडच विचारलं. घड्याळजी म्हणाला, "मी तर चार दिवसांपूर्वीच कळवलं होतं." आपल्या घरचा फोन वाजलेला नव्हता, हे दादांना ठाऊक होतं आणि शेजारी उभ्या असलेल्या वहिनीलाही. दादांनी भावाकडे पाहिलं. "कळवलं होतंस? बरं." एवढंच. चारचौघांत त्याला खोटं पाडलं नाही, आणि पुन्हा त्याच्याशी बोललेही नाहीत. पुढे नोकरी संपल्यावर ते याच गावात राहायला आले, दुकानापासून वीस मिनिटांवर. तरीही नाही.

पाच महिने ग्रंथ त्याच पानावर उघडा राहिला. ओळ ओलांडून पुढे जाता आलं असतं, कोण बघायला होतं? पण ते त्याच्या हाताला जमेना. शेवटी एका गुरुवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, तो दादांच्या दारात उभा राहिला.

"कोण?" वहिनीने आतून विचारलं.

"मी."

"मी तर मीसुद्धा आहे. नाव-गाव काही आहे की नाही?" दार उघडलं. वहिनी बघतच राहिली. "भावजी? आत या. असे चोरासारखे काय उभे राहता."

"दादा आहे?"

"आहेत आणि नाहीत. बघा तुम्हीच."

दादा खिडकीशी खुर्चीत बसून रद्दी वर्तमानपत्रांच्या कडा पट्टीने सरळ फाडत होते. वर्षभर हेच चाललं होतं. त्यांनी मान वर केली, चेहऱ्यावर ओळख नव्हती, पण सभ्यता शाबूत होती. "या, बसा. कुठून आलात?"

घड्याळजी बसला. बावीस वर्षं साठवलेलं त्याने एका दमात सांगितलं. आई, दार, कोपऱ्यावरचा फोन, तीन दिवस, चारचौघांतलं खोटं. दादांनी पट्टी बाजूला ठेवून सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाईट झालं हो. पण हे मला काय सांगता? तुमच्या भावाला जाऊन सांगा. तो वाट बघत असेल."

स्वयंपाकघरात स्टुलावर बसून घड्याळजीने विचारलं, "वहिनी, हे झालं म्हणायचं का?"

"मला काय विचारता? मी काही तुमचा ग्रंथ लिहिलेला नाही."

"सांगितलं तर खरं. पण पोचलं नाही."

"मग पुढच्या गुरुवारी या. ते कुठे जात नाहीत."

तो आला. त्याच्या पुढच्याही गुरुवारी आला. दर वेळी "या, बसा, कुठून आलात?" आणि दर वेळी पहिल्यापासून. वहिनी दाराआडून ऐकायची. हळूहळू तिला पाठ झालं. पण त्याने कधी घाईने उरकलं नाही, एक वाक्य गाळलं नाही. कधी दादा त्याला पंखा दुरुस्त करणारा समजत, कधी डॉक्टर. एकदा मात्र ते ताडकन उभे राहिले, "असा कसा हो माणूस तुम्ही! आई मरतेय आणि तुम्ही..." आणि पट्टी भिंतीवर भिरकावली. त्या दिवशी घड्याळजी हसत बाहेर आला. "आज थोडं पोचलं, वहिनी." पुढच्या गुरुवारी, "या, बसा. कुठून आलात?"

डॉक्टर म्हणाले होते, अशा माणसांना मधूनच लख्ख शुद्ध येते, तासभर, कधी त्याहून कमी. हे कळल्यावर घड्याळजीने एका कागदावर आपला नंबर ठळक आकड्यांत लिहिला आणि फोनच्या वर भिंतीला चिकटवला.

"त्याला ओळख आली की एक फोन करा, वहिनी. घड्याळ उघडं टाकून येईन."

"करीन हो, करीन. किती वेळा सांगाल!"

सोमवार होता, सकाळचे दहा. वहिनी दादांच्या सदऱ्याची बटणं लावत होती. दादांनी तिचं मनगट धरलं आणि तिला हाक मारली, लग्नानंतर त्यांनीच ठेवलेल्या, दुसऱ्या कुणालाच माहीत नसलेल्या नावाने. "किती पांढरी झालीस गं," म्हणाले. दोन वर्षांत तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. ती तशीच खाली बसली. ते बोलू लागले, जुन्या घराबद्दल, ती शाळेत शिकवायची तेव्हा तिने नापास केलेल्या कुठल्याशा विद्यार्थ्याबद्दल. मग म्हणाले, "धाकटा कसा आहे? येतो का इकडे?"

"येतो," वहिनी म्हणाली.

"भेटायला हवं त्याला."

कागद समोरच होता. उठून चार पावलं जायचं होतं. तो आला की आईचं दुखणं येणार, कोपऱ्यावरचा फोन येणार, उरलेला वेळ सगळा त्या दोघांचा होणार. वहिनीने दादांचा हात सोडला नाही. पाऊण तास. मग दादांनी तिच्याकडे अदबीने पाहिलं आणि हात काढून घेतला. "आपण कोण, बाई?"

गुरुवारी घड्याळजी आला. दारातच त्याने नेहमीसारखं विचारलं, "काही विशेष?"

"काही नाही," वहिनी म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. खोलीतून "या, बसा" ऐकू आलं, आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यानंतर मरेपर्यंत तो आणखी सात गुरुवार आला.