हातचा राहिला

आमच्या साडूभाऊंइतका हिशेबी माणूस सबंध जालना जिल्ह्यात दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका चुकीचा हिशेब करणारा अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण जबाबदारीने करतोय, कारण माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी आहेत आणि हे त्या दोघीही वाचणार आहेत. साडूभाऊंचं जाफराबादला भांड्यांचं दुकान आहे, पण त्यांचा खरा धंदा बेरजेचा. जीपमध्ये बसले की ते ड्रायव्हरची दिवसाची कमाई काढतात. लग्नाला गेले की मांडववाल्याचा नफा काढतात. एकदा जांब समर्थला देवळाबाहेर उभं राहून त्यांनी नारळवाल्याचं वर्षाचं उत्पन्न इतक्या मोठ्याने काढलं, की त्या बिचाऱ्याने आम्हाला नारळ द्यायचंच नाकारलं. कॅल्क्युलेटर मात्र त्यांना चालत नाही. "मंग डोकं कशाला दिलं देवानं, टोपी घालायला?" असं म्हणून ते तोंडी बेरीज करतात, दणादण करतात आणि दर वेळी हातचा विसरतात.

बेरजेत हातचा विसरला की रक्कम नेहमी कमीच भरते. त्यामुळे साडूभाऊंच्या दुकानावर तालुक्याचा फार जीव. लग्नाच्या भांड्यांसाठी लोक जवळची दुकानं टाकून त्यांच्याकडे येत. पण येत ते शाळेच्या वेळात, कारण एकदा शाळा सुटली की साडूभाऊंची थोरली दुकानातल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसायची. साडूभाऊंनी बेरीज करून आकडा सांगितला, की पुस्तकातून डोकं वर न काढता ती म्हणायची, "पप्पा, हातचा राहिला." साडूभाऊ कपाळावर हात मारायचे, "हां, बराबर," म्हणायचे आणि आकडा सुधारायचे. गिऱ्हाइकाचं तोंड कडू व्हायचं. अशा रीतीने वडिलांचे हातचे धरता धरता पोरगी गणितात पक्की झाली, जालन्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला पहिली आली आणि एम.एस्सी.साठी हैदराबादच्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला. तिथे मात्र साडूभाऊंची झोप उडाली.

तसे ते आधीही कुठे स्वस्थ होते म्हणा. आमच्या घरी आले की उंबऱ्यापासून मोरीपर्यंत येरझारा घालत चहा पितात. बशी खाली ठेवतात तेवढाच त्यांचा विसावा. फोन लावला, तर समोरच्याने उचलायच्या आत कापतात आणि "उचलून न्हाई राह्यला" म्हणून स्वतःच इकडे यायला निघतात. पण त्या उन्हाळ्यात त्यांनी कहर केला. शिक्षणासाठी कर्ज काढावं लागणार होतं. "कर्ज काढून गणित शिकलं त पुढं मिळतं किती?" हा एकच प्रश्न घेऊन ते जिल्हाभर फिरले. न्हाव्याला विचारलं, कंडक्टरला विचारलं. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात शिरून तिथल्या एका साहेबांना विचारलं, "तुमच्याकडं गणितवाल्याला काम हाय का?" साहेब म्हणाले, संख्याशास्त्र जाणणारा लागतो कधीकधी. साडूभाऊ म्हणाले, "म्हंजी तुरीचे दाणे मोजायला?" ज्यांच्याकडून ते माल घेतात त्या जालन्याच्या मारवाडी शेठनी सांगितलं, "पोरीच्या शिक्षणाचा खर्चा वहीत लिहू नका, लिहिला की रोज दिसतो." यावर साडूभाऊंचा निष्कर्ष असा, की शेठला हा सौदा घाट्याचा वाटतो.

मी बदनापूरच्या शाळेत मराठी शिकवतो. तेवढ्यावरून ते मला शिक्षणातला जाणकार समजतात. "मास्तर, हिशेब येगळा आन् गणित येगळं," ते मला येरझारा घालत सांगत. "हिशेबात पैसा आस्तो. हिच्या पुस्तकात मी पानंच्या पानं पाह्यली. एक्स हाय, वाय हाय, रुपाया कुठंच न्हाई! तिला म्हणलं, येवढं करून त्या एक्सची किंमत किती येती? त म्हणती, कधी तीन, कधी उणे दोन. उणे दोन, मास्तर! येवढं कर्ज काढून!"

मला हसू येई, पण ते मी आवरी. कारण त्यांची भीती खोटी नव्हती. जालन्याचा एक क्लासवाला पोरीला महिना बारा हजारांवर ठेवून घ्यायला तयार होता. एम.एस्सी. झाल्यावर काय, हे मात्र कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं. कॉलेजातल्या जागा भरत नाहीत, भरल्या तर तासांवर भरतात, हे मलाही ठाऊक होतं. माझी मेहुणी, म्हणजे पोरीची आई, एकच म्हण घोळवत बसली होती, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?" शेवटी साडूभाऊंनी जाहीर केलं, की कर्ज अडीच लाखांच्या आत बसलं तर पोरगी हैदराबादला जाईल. एक रुपया वर गेला तर क्लासवाल्याकडे.

हिशेबाला त्यांनी आम्हा दोघांना जाफराबादला बोलावलं. जेवणं झाली, आणि साडूभाऊ घरभर फिरत बेरीज करू लागले. "फी एक लाख वीस. ऱ्हाणं-जेवण एक लाख पन्नास. लॅपटॉप, पुस्तकं, येणंजाणं सत्तर हजार. आता धरा. दोन आन् पाच सात, सात आन् सात चौदा. चौदाचे चार. लाखाचे एक आन् एक दोन. दोन लाख चाळीस!" आणि ते सवयीने थांबले. आम्ही सगळेच थांबलो. या घरात बेरीज संपल्यावर कुठला आवाज येतो हे आम्हाला पाठ होतं. पोरगी भिंतीला टेकून बसली होती. तिने फरशीकडे पाहिलं आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. आवाज आला नाही म्हणजे बेरीज बरोबर, असं धरून मेहुणीने सुस्कारा सोडला. साडूभाऊ म्हणाले, "बसलं की मंग. सोमवारी बँकेत जाऊ. मास्तर, तुम्ही बी या सोबतीला."

परतताना जीपमध्ये मी बोटांवर बेरीज केली. गणितात मी ढ, म्हणून पुन्हा केली. तीन लाख चाळीस! अख्खा लाखाचा हातचा राहिला होता, आणि जिने जन्मभर वडिलांचे दहा-दहा रुपयांचे हातचे सोडले नाहीत, तिने हा गिळला होता. मला तिचा राग आला नाही, तिची कीव आली. किती जायचं असेल त्या लेकराला! पण बँकेत खरा आकडा निघणारच, आणि निघाला की साडूभाऊ चारचौघांत तमाशा करून माघारी फिरणार. सोमवारपर्यंत घरात येरझारा घालायची पाळी माझी होती. बायको म्हणाली, "तुम्हाला दाजींची हवा लागली."

सोमवारी आम्ही बँकेत पोचलो. पोरगी कागदांच्या झेरॉक्स काढायला बाहेर गेली होती. आता बोललंच पाहिजे, असं ठरवून मी तोंड उघडलं, आणि पाहतो तर साडूभाऊ बाकावर बसलेले. चक्क बसलेले! दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी म्हणालो, "साडूभाऊ, त्या बेरजेत जरा..."

"हातचा राह्यल्ता," ते म्हणाले. "म्हाईत हाय. तीन चाळीस."

"केव्हा कळलं?"

"तव्हाच. मी बेरीज झाली की थांबतो ना, तिचा आवाज यील म्हणून. त्या दिशी आला न्हाई. बेरीज बराबर आसली त ती माझ्याकडं बघून हासती. हासली बी न्हाई. मंग मी मोरीत जाऊन पुन्हा केली." त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. "मास्तर, येवढ्या वर्षांत पोरीनं माझे किती हातचे धरून देले आसतील? त्याच्यावर तं दुकान चाललं. तिनं येक राहू देला, त्याला काय म्हणायचं? फिटंल न फिटंल, मला सांगता येत न्हाई. पण तिला बोलू नका हां. तिला वाटू द्या, बाप ढ हाय."

पोरगी आली. बँकेतल्या साहेबांनी आकडा मोठ्याने वाचला. ती पांढरीफटक पडली. साडूभाऊ म्हणाले, "हां, बराबर," आणि त्यांनी सही केली.

जालन्याच्या स्टेशनावर आम्ही तिला सोडायला गेलो तेव्हा साडूभाऊ गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डबे मोजत हिंडत होते. तेवढ्यात तिने मला बाजूला घेतलं. डोळे भरले होते. "काका, मी मुद्दाम बोलले नाही त्या दिवशी. पप्पांना सांगू नका. नोकरी लागली की आधी तो लाख फेडीन." मी मान हलवली. बाप म्हणतो लेकीला सांगू नका, लेक म्हणते बापाला सांगू नका. दोघांचं गुपित एकच, आणि ते ठेवायला जागा माझ्याच पोटात. गाडी हलली. साडूभाऊ चालत राहिले, मग धावले, मग फलाट संपला.

परवा जाफराबादला गेलो होतो. पोरीचं बरं चाललंय. पुढे काय मिळेल ते अजून कुणी सांगत नाही, आणि साडूभाऊ अजून रोज कुणाला तरी विचारतात. दुकानातून बायकोने दोन डबे, एक पातेलं आणि चार ताटं घेतली. साडूभाऊंनी दणादण बेरीज केली, आकडा सांगितला आणि सवयीने थांबले. कोपऱ्यातल्या स्टुलावर झाकणांची चळत ठेवलेली होती. ते तिकडे बघत होते. शेवटी मीच बोटं मोजून हिशेब केला आणि म्हणालो, "साडूभाऊ, हातचा राहिला."

"राह्यला न्हाई, मास्तर," ते पातेलं पुसत म्हणाले. "हैदराबादला गेला."