बिनगळ्याचं घोंगडं

लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा पिंपरीचा मोठा कारखाना अजून उभा राहत होता. माझे यजमान तिथल्या स्टोअरमध्ये कामाला. परदेशातून यंत्रांची खोकी यायची आणि यंत्रांना धक्का लागू नये म्हणून आत इंग्रजी मासिकांचे चुरगाळलेले कागद कोंबलेले असायचे. खोक्यांची फळकुटं वरच्या लोकांकडे जात, कागद आमच्या वाट्याला येत. मी ते हाताने सपाट करून स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली अंथरायची. त्यामुळे आमच्या डाळीच्या डब्याखाली मोटार होती, मिठाच्या बरणीखाली कुणाचं तरी न्हाणीघर होतं आणि चहाच्या डब्याखाली एक बाई होती.

ही बाई उन्हात उभी होती. मागे तांबूस डोंगर, पायऱ्या पायऱ्यांचे, माथ्यावर सपाट. अंगावर खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत आलेलं लोकरीचं काहीतरी, त्याला बाह्या नाहीत, गुंड्या नाहीत. त्यावरही डोंगरासारख्याच पायऱ्या, नागमोडी पट्टे, खाली निळी किनार. दोन जाड वेण्या छातीवर सोडलेल्या. त्याला पोंचो म्हणतात हे मला फार पुढे कळलं. आम्ही त्याला घोंगडं म्हणायचो, आणि चहा करताना मी रोज त्या बाईला बघायची. ते डोंगर मला परके वाटलेच नाहीत. आमच्या दारातून घोरावडेश्वराचा डोंगर दिसायचा, तोही असाच टप्प्याटप्प्यांनी चढलेला.

आता माझ्या नणंदेबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यासाठी घडलं. मी तिला वन्सं म्हणायची, जरी ती माझ्याहून लहान होती. लहानपणी झाडावरून पडून तिचा डावा हात मोडला होता. सासूबाईंनी तिला हाडवैद्याकडे नेलं, त्याने बांधला, आणि कोपर वाकलेलं ते कायमचं वाकलेलंच राहिलं. बोटं चांगली चालायची, पण स्वेटरची बाही त्या कोपरावर अडकून बसायची. कुणीतरी ओढून चढवायची, कुणीतरी ओढून काढायची. शाल घेतली तर ती धरायला हात नाही, कारण डावा गळ्याशी पोचत नाही आणि उजव्या हातात पिशवी. वन्सं पुण्याला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जात असत. पहाटेच्या थंडीत स्टेशनवर उभं राहायचं आणि शाल खांद्यावरून घसरत राहायची. मागच्या हिवाळ्यात छाती भरली, महिनाभर अंथरुणावर होत्या, वर्ष वाया गेलं.

यंदा सासूबाईंनी निक्षून सांगितलं होतं. दिवाळीची सुट्टी संपली की थंडीत एकदा कॉलेजला जाऊन बघायचं. पुन्हा खोकला ऐकू आला की कॉलेज बंद. त्या दुष्ट नव्हत्या. पोरीला रोज सकाळी स्वतःच्या हाताने कपडे चढवायच्या आणि त्या हाताबद्दल स्वतःलाच बोल लावायच्या, मोठ्याने नाही, पण आम्हाला कळायचं. त्यांना ती घरात डोळ्यांसमोर हवी होती. वन्संना मात्र वर्गात खडू घेऊन उभं राहायचं होतं, बाकी काही नको होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी चहाचा डबा बाजूला करून तो कागद वन्संना दाखवला. म्हटलं, हे डोक्यातून घालायचं. बाही नाही, धरायला नको, कुणी चढवायला नको. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"हात झाकायला म्हणून करणार असाल तर नको," त्या म्हणाल्या. "थंडी झाकायला करा."

मी म्हटलं, तुमच्या हाताला झाकण घालायला मला वेळ नाही. त्या हसल्या आणि काम सुरू झालं.

क्रोशाकाम माझ्या माहेरची कला. आमच्या घरात तोरण, तांब्यावरचे मणी लावलेले रुमाल, ताटावरची झाकणं, सगळं मी विणलेलं. पण ते सगळं पांढऱ्या दोऱ्याचं. लोकर आणि तीही इतक्या रंगांची मी कधी हातात धरली नव्हती. पिंपरीच्या कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराकडे गेले तर त्याच्याकडे शाळेच्या स्वेटरचेच रंग: गडद निळा, बाटलीचा हिरवा, मरून आणि पांढरा. मी म्हटलं, मला मातीचा रंग हवा, करडईच्या फुलाचा हवा. तो बिचारा म्हणाला, बहेनजी, करडई का तेल मिलेगा. मग मी पांढरी लोकर जास्त घेतली आणि घरी येऊन स्वतःच रंगारीण झाले.

दसऱ्याचे झेंडूचे हार दारावर सुकत होते. ते काढून पाकळ्या उकळल्या. त्यात तुरटी घालायची असते म्हणून यजमानांचा दाढीनंतरचा तुरटीचा खडा गेला. पिवळा असा सुरेख चढला की मी शेजारणीला ओढून आणून दाखवला. मातीच्या रंगासाठी सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला कात घेतला. दुपारी त्यांनी पान लावायला डबा उघडला आणि नंतर अंगणात दोरीवर वाळत टाकलेला आपला कात ओळखला. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. यजमान गालावर ओरखडा आणि सदऱ्यावर लोकरीचे तंतू घेऊन कामावर गेले आणि घरात मेंढी पाळल्याबद्दल सगळ्यांकडून चौकशी ऐकून आले.

वन्संनी आणि मी नक्षी ठरवली. त्या बाईची नक्षी तशीच उचलायची नाही, आपल्याकडचं घालायचं. मधोमध झेंडूचा पिवळा सूर्य, त्याच्याभोवती पांढरं आभाळ, मग काताचे आणि मरून रंगाचे पायऱ्यांचे डोंगर, त्याखाली हिरवी शेतं, आणि अगदी काठाला निळी नागमोडी पवना. अंगावर घातलं की वर सूर्य आणि खाली नदी. दोघींनाही ही कल्पना इतकी आवडली की आम्ही एकमेकींचीच स्तुती करत बसलो.

रंग बदलताना मागून धागे ओढून न्यायचे म्हणजे गुंता ठरलेला. म्हणून मी लोकरीचा एकेक गुंडा एकेका तांब्यात ठेवला आणि धागा वरून बाहेर काढला. गुंडा तांब्यात गरगर फिरायचा आणि अजिबात पळायचा नाही. फक्त घरात पाणी प्यायला भांडं उरलं नाही. यजमान वाटीने पाणी प्यायचे आणि पाहुणा आला की मी आधी हिरवं शेत रिकामं करून विसळायची. तळवड्याहून आमच्याकडे दूध घालायला एक म्हातारी मावशी यायची. ती रोज दूध ओतून झालं की उंबऱ्यावर टेकायची आणि किती सरकलं ते बघायची.

"ह्ये घोंगडं हाय व्हय?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "धनगराचं येवढं नटल्यालं न्हाई बघितलं आमी."

दिवाळी आली, गेली. मी चकल्या तळताना एक हात तेलाकडे आणि डोळे डोंगराकडे ठेवून होते, त्यामुळे चकल्या त्या वर्षी काताच्या रंगाच्या झाल्या. काम चौफेर वाढत होतं. मधून मधून वन्संच्या खांद्यावर टाकून लांबी बघायची, हातभर कमी आहे म्हणायचं आणि पुन्हा विणायला बसायचं. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी दुपारी पवनेचा शेवटचा खांब, म्हणजे शेवटचा टाका घातला, धागा ओढून गाठ मारली आणि ते अंगणातल्या खाटेवर पसरलं.

काय देखणं दिसत होतं. अजून डोळे मिटले की दिसतं. शेजारच्या चार बायका गोळा झाल्या, कुणी सूर्यावर हात फिरवला, कुणी मागचे धागे उलटून बघितले आणि नाइलाजाने चांगले आहेत म्हणाल्या. मी लाजल्याचं सोंग करत उभी होते. सासूबाई शेवटी आल्या. काताचा राग अजून पुरता उतरला नव्हता, पण त्यांनीही चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि मान डोलावली.

"ताटावर झाकायला फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण पोरीचं डोकं कुठून जाणार?"

मी खाली बघितलं. मधोमध सूर्य होता, भरगच्च, एक टाका सैल नाही. माझ्या हाताला एकच सवय: तांब्याचा रुमाल असो की ताटाचं झाकण, आधी साखळीची बारीक कडी करायची, ती आवळायची आणि तिच्याभोवती वाढवत जायचं. मध्ये भोक राहिलं तर माशी आत जाते म्हणून माझी आई ती कडी उसवायला लावायची. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मी जगातलं सर्वांत मोठं ताटझाकण विणलं होतं. त्या बाईचा गळा वेण्यांखाली झाकलेला होता, आणि आम्ही खांद्यावर टाकून बघितलं तेही शालीसारखंच.

आधी मला स्वतःचा राग आला, मग त्या बाईचा, मग जमलेल्या सगळ्यांचा. एक शेजारीण म्हणाली, रेडिओवर घाला. आमच्याकडे रेडिओ नव्हता. दुसरी म्हणाली, शालीसारखं घेऊन पिन लावायची. सासूबाईंना ते पटलं. त्या म्हणाल्या, मी लावत जाईन सकाळी. वन्संचा चेहरा मी बघितला. पुन्हा कुणीतरी चढवायचं, कुणीतरी लावायचं, आणि पिन सुटली की पुन्हा ती घसरती शाल, तो खोकला. उद्या सकाळी गाडी होती. मी तिथेच खाटेच्या कडेवर बसून रडले, शेजारणींसमोर, अगदी नाक ओढत.

वन्सं घरात गेल्या आणि कात्री घेऊन आल्या.

मी म्हटलं, कापलं तर सगळं उसवेल, महिन्याचं काम जाईल. त्या खाटेवर बसल्या. वाकलेल्या हाताने सूर्याच्या कडेचं विणकाम घट्ट धरलं, तो हात जणू त्यासाठीच तसा होता, आणि उजव्या हातात कात्री उघडली.

"वहिनी, घोंगडं माझं आहे ना?"

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

"मग डोळे मिटा."

मी मिटले. कात्रीचा आवाज ऐकत राहिले, लोकरीतून जाणारा, कुरकुरीत. वन्संनी सूर्य आणि आभाळ यांच्यामधल्या फेरीवरून गोल कापत आणलं. आवाज थांबला तेव्हा मी एक डोळा उघडला. सूर्य वेगळा झाला होता, लहान ताटलीएवढा, आणि आभाळाला गोल भोक पडलं होतं. उसवलं काहीच नव्हतं. क्रोशा शेवटाकडून उसवतो, सुरुवातीकडून नाही, हे मला पोरवयापासून माहीत होतं. घाबरल्यावर माहीत असलेलं आठवत नाही, एवढंच. मी डोळे पुसले, क्रोशाची सुई घेतली आणि भोकाच्या कडेने पिवळ्या लोकरीची एक फेरी घालून गळा पक्का केला.

सूर्याची कड मात्र सुटायला लागली होती. ती सासूबाईंनी उचलली. आतून सुईदोरा आणला आणि उंबऱ्यावर बसून काठ शिवून घेतला. पुढे कितीतरी वर्षं तो सूर्य आमच्याकडे संध्याकाळी वन्संच्या चहाच्या पेल्यावर असायचा. गाडीची शिट्टी ऐकू आली की सासूबाई चहा ओतून त्यावर तो झाकून ठेवायच्या. म्हणजे शेवटी मला जे विणायला येत होतं तेच मी विणलं होतं, असं यजमान म्हणायचे आणि मी त्यांना वाटीने पाणी द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी अशी होती की तोंडातून वाफ निघत होती. सासूबाई नेहमीप्रमाणे आधी उठल्या, कारण पोरीला कपडे चढवायचे असत. वन्सं साडी नेसून, वेणी घालून तयार झाल्या. घोंगडं खुंटीवर होतं. त्यांनी ते उजव्या हाताने काढलं, डोक्यावरून टाकलं आणि क्षणभर त्यांचं डोकं आत हरवलं. मग पिवळ्या गळ्यातून वर आलं. केस विस्कटलेले, तोंडावर हसू. डोंगर खांद्यांवरून खाली उतरले, पवना पोटऱ्यांशी आली, आणि डावा हात आतल्या आत आपल्या जागी बसला. त्याला कुणी हातही लावला नाही.

सासूबाईंचे दोन्ही हात पुढे आले होते, रोजच्यासारखे. त्यांना करायला काही उरलं नव्हतं. ते तसेच थोडा वेळ हवेत राहिले. मी चुलीपाशी उभी होते आणि मला एकदम भीती वाटली, की आता त्या नको म्हणतील. थंडी फार आहे म्हणतील, उद्यापासून जा म्हणतील.

त्यांनी हात खाली घेतले. फळीवरून जेवणाचा डबा काढला, तो वन्संच्या पिशवीत घातला आणि पिशवी त्यांच्या उजव्या हातात दिली.

"चल लवकर," त्या म्हणाल्या, "गाडी चुकेल."