मी वाचनालय झटकलं

माझं शुद्धलेखन चुकतं, त्याबद्दल माफी. अक्षर वाईट आहे, त्याबद्दलही माफी. (मी लिहिलेली किराण्याची यादी दुकानदार मलाच वाचायला लावतो.) आणि आमच्या गावातलं पहिलं वाचनालय नवव्या दिवशी मी बंद पाडलं, त्याबद्दल तिसरी माफी. चौथी शिकलेल्या बाईने तीन माफ्या मागितल्या म्हणजे पुष्कळ झालं. ही वही पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली राहणार आहे, तेव्हा माफ करायला कोणी येईल असंही वाटत नाही.

त्याचं असं झालं. आमची प्रज्ञा बी.ए. झाली. हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. तीन वर्षं पुसेगावाहून जीपमध्ये अंग चोरून बसून तिने ते कॉलेज केलं. पुढे काय, हा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडलाच नाही. बी.एड.! त्या वर्षी गावात जो उठेल तो बी.एड. करायला निघाला होता. शिकवायला मुलं उरतील की नाही अशी मला काळजी वाटायची.

आणि प्रज्ञा म्हणाली, "बाबा, मला बी.लिब. करायचं हाय."

"ते काय असतं?" यांनी विचारलं. हे गवंडी. भिंत ओळंब्यात आहे का ते एक डोळा मिटून बघायची सवय. माणसाकडेही तसंच बघतात.

"ग्रंथालयशास्त्राची डिग्री. वर्षाची हाय. पुस्तकं कशी लावायची, नोंदी कशा ठेवायच्या, ज्याला जी माहिती पाह्यजे ती त्याला कशी काढून द्यायची, हे शिकवतात."

"पुस्तकं लावायला डिग्री? तुही माय वीस वर्षं झाली भांडी लावून राहिली. तिला कोनं दिली डिग्री?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरोखरच भांडी लावत होते. हातात तांब्या तसाच राहिला. (माझ्याकडे कोणी पाहिलं की माझे हात थांबतात. लग्नातसुद्धा हार हातातच राहिला होता; शेवटी यांनीच मान पुढे करून हारात घातली.)

"बाबा, मी करून दाखवते," प्रज्ञा म्हणाली. "पंधरा दिवस वाचनालय चालवते. विहारामागची खोली रिकामीच हाय."

"बराबर. गावाला त्याचा उपेग झाला, चार लोकं व्हय म्हनले, तर भर तुहा फॉर्म. न्हाई तर गुपचाप बी.एड."

सोळाव्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख होती. म्हणजे पोरीचं पुढचं सगळं आयुष्य त्या दहा बाय बाराच्या खोलीवर येऊन टेकलं.

खोली मिळाली, पण पुस्तकं कुठून आणायची? घरोघर मागायचं ठरलं आणि ते काम माझ्यावर आलं, कारण घरातल्या बाया माझ्या ओळखीच्या. ओळख होती, पण तोंड कुठे होतं! मी दारात जायची, उंबऱ्यापाशी उभी राहायची, घरची बाई म्हणायची, "या, चहा घ्या." मी चहा घ्यायची आणि परत यायची. पहिल्या दिवशी अकरा चहा झाले आणि एक पुस्तक मिळालं. तेही त्या घरच्या लेकराने माझ्या मांडीवर विसरून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची शांताबाई सोबत आली. तिचा आवाज असा की ती घरात कुजबुजली तर नाक्यावरचा माणूस उत्तर देतो. "काहून उभी राहिली मुक्यावानी? अगं, पुस्तक द्या म्हण! गयाकाकू, पुस्तकं काढा! फळीवर धूळ खात पडलेत, पोरगी शिकून राहिली!"

दोन दिवसांत बासष्ट पुस्तकं जमली. जुनी पंचांगं, गाइडं, आरोग्याच्या दोन-चार पुस्तिका. गयाकाकूंनी ट्रॅक्टरसोबत आलेलं जाडजूड माहितीपुस्तक दिलं (ट्रॅक्टर विकून सहा वर्षं झाली होती). शांताबाईने स्वतःचं स्वयंपाकाचं पुस्तक दिलं. तिच्या हातचं जेवलेल्या कोणालाच तिच्याकडे असं पुस्तक असेल हे खरं वाटलं नाही. चौथीच्या वाचनमालेच्या सात प्रती आल्या. बाकीच्या पुस्तकांशी माझी ओळख नव्हती, पण हे सात जण भेटल्यावर मला बरं वाटलं.

प्रज्ञाने प्रत्येक पुस्तकाला नंबर चिकटवला आणि एक मोठं रजिस्टर केलं. पुस्तक कोणाचं, कोणी वाचलं, कुठल्या पानापर्यंत वाचलं, सगळं त्यात. मला वाटलं होतं, माशीसुद्धा फिरकणार नाही. पण काय गर्दी! पहिल्या दिवशी तीन, चौथ्या दिवशी वीस. सातव्या दिवशी बाहेर चपला ठेवायला जागा नव्हती. गयाकाकूंचे मालक दगडूकाका, साठीचे, कानाने कमी, डोळ्याने त्याहून कमी, ते तर सकाळी खोली उघडायच्या आधी पायरीवर हजर! रोज ट्रॅक्टरचंच पुस्तक. रोज एकेचाळीसावं पान.

"काका, पुढचं पान वाचा न," प्रज्ञा म्हणायची.

"सावकाश पोरी. समजून घेऊन राहिलो."

हेही संध्याकाळी येऊन खोलीची भिंत तपासल्यासारखं करायचे आणि माणसं मोजायचे. आठव्या दिवशी रात्री जेवताना म्हणाले, "गाव लई वाचून राहिलं की गं!" आणि न मागता दुसरी भाकरी घेतली. म्हणजे निम्मं काम झालं होतं.

नवव्या दिवशी प्रज्ञा फॉर्म आणायला हिंगोलीला गेली. जाताना मला किल्ली दिली आणि बजावलं, "माय, कुलूप उघडायचं अन् बसायचं. कशालाच हात लावू नको."

मी बसले. पाच मिनिटं बसले. बाजाराचा दिवस होता, दगडूकाकासुद्धा बाजाराला गेले होते, खोलीत कोणीच नव्हतं. मग मला धूळ दिसली.

आता सांगा, संध्याकाळी हे चार मोठी माणसं घेऊन वाचनालय दाखवायला येणार, आणि पुस्तकांवर बोटभर धूळ! लोक काय म्हणतील? मी पदर खोचला. गोधडी झटकतात तसं पहिलं पुस्तक खिडकीबाहेर उलटं धरलं आणि फडाफडा झटकलं. ते जाड होतं, ट्रॅक्टरचं, म्हणून दोन वेळा जास्तच झटकलं. खिडकीखाली नाली होती आणि नालीपाशी शांताबाईची शेळी. वारा होता. माझ्या मनात आलं, धूळ हिरवट कशी काय?

दुसरं पुस्तक मी खोलीतच झटकलं, तेव्हा त्यातून पन्नासची नोट पडली. तिसऱ्यातून रॉकेलची पावती आणि दोन दहाच्या नोटा. चौथ्यातून नव्या साडीत काढलेला एका मुलीचा फोटो. मला वाटलं, झालं, आता थांबावं. पण अर्धं घर झाडून कोणी थांबतं का? बासष्टच्या बासष्ट झटकली! नोटा, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, लॉटरीची तिकिटं, सातबाऱ्याचे उतारे, कोणाच्या तरी सासूपासून लपवलेल्या पोस्टाच्या पावत्या. खोलीत मध्यभागी ढीग झाला आणि मी त्याच्याशेजारी खाली बसले.

तेव्हा मला उलगडलं. आमच्याकडे कपाटाला कुलूप लावतात आणि पैसे पुस्तकात ठेवतात, कारण चोर काहीही उघडेल, पुस्तक उघडणार नाही. बायांनी फळीवरची पुस्तकं मला देऊन टाकली आणि नवऱ्यांचा जीव त्यांच्यासोबत आला! परत मागावं तर बायको विचारणार, काहून पाह्यजे? आणि इथे तर खोलीला कुलूप, पुस्तकाला नंबर, वर रजिस्टर. घरापेक्षा बरं! एकाने दुसऱ्याला कानात सांगितलं असेल. मग जे घरात ठेवता येत नव्हतं तेही लोक इथे आणून ठेवू लागले. आठ दिवस गाव वाचत नव्हतं. गाव आपापलं पान उघडून, आहे ना, एवढंच बघून जात होतं!

शहाण्या बाईने काय केलं असतं? लेक येईपर्यंत दाराला कडी घालून बसली असती. पण मला लोकांसमोर तोंड उघडायची एवढी भीती, की मी सगळं गुपचूप पुस्तकांत परत घालायचं ठरवलं. काय कशातून पडलं ते कोणाला आठवतंय? मी एक पद्धत काढली. मोठी नोट मोठ्या पुस्तकात, लहान नोट लहान पुस्तकात. उतारे पंचांगात, दोन्ही सरकारी दिसतात म्हणून. उरलेलं, जिथे जागा असेल तिथे. मला तर ते फार नीट लागलं असं वाटलं.

दुपारी दगडूकाका बाजारातून थेट आले. एकेचाळीसावं पान उघडलं आणि नव्या साडीतल्या मुलीचा फोटो त्यांच्या हातात आला.

नेमक्या मागे गयाकाकू उभ्या, काकांना जेवायला बोलवायला आलेल्या. "हे वाचून राहिले व्हय तुमी! आठ दिवस झाले! या वयात!"

"अगं, माहा न्हाई हा फोटो! माहे तीनशे होते इथं!"

"तीनशे? कोन्ते तीनशे?"

काका एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडले. तेवढ्यात शांताबाई आली. "अय्या! ही तर माह्या भाच्यासाठी पाहिलेली पोरगी! काका, हिचा फोटो तुमच्यापाशी काहून?" मग तिने घाईने आपलं स्वयंपाकाचं पुस्तक उघडलं, तर फोटोच्या जागी सहा लॉटरीची तिकिटं. ती तिच्या नवऱ्याने दुसऱ्याच पुस्तकात लपवली होती. मग तिच्या आवाजाने उरलेलं गाव आलं.

संध्याकाळपर्यंत कोण कोणाशी भांडत होतं ते मला सांगता येणार नाही, कारण मी दाराच्या पाठीमागे उभी होते. हे चार मोठी माणसं घेऊन आले तेव्हा खोलीत ओळंब्यात असं काहीच राहिलं नव्हतं. कोणीतरी ओरडलं, "वाचनालय हाय का चोरबाजार?" यांनी एक डोळा मिटून सगळीकडे पाहिलं आणि मला फटीतून शोधून काढलं. मी मनात म्हटलं, संपलं. बी.एड.!

त्याच वेळी प्रज्ञा जीपमधून उतरली. हातात फॉर्म. तिने आधी गर्दीकडे आणि उघड्या पुस्तकांतल्या नोटांकडे पाहिलं, मग दारामागून दिसणाऱ्या माझ्या पायांकडे.

"माय, झटकलं?"

मी दारामागूनच मान हलवली.

ती रडेल असं मला वाटलं. तिने टेबल पुढे ओढलं, सगळं पुन्हा पुस्तकांतून बाहेर काढलं आणि रजिस्टर उघडलं. "एकेक जण या. पुस्तकाचा नंबर, पान अन् काय ठेवलं ते माह्या कानात सांगा. बाकीचे बाहेर."

आता तिच्या नोंदी कामाला आल्या! रोज कोणी कुठलं पुस्तक उघडलं आणि कुठल्या पानावर अडकला, सगळं लिहिलेलं. एक जण दोन नोटा जास्त सांगू लागला, तर ती म्हणाली, "भाऊ, हे पुस्तक तर तुमी एकदाही हातात घेतलं न्हाई." तो डोकं खाजवत गेला. लॉटरीची तिकिटं नवऱ्याला मिळाली, फोटो शांताबाईला, पोस्टाच्या पावत्या एका सुनेला. आणि आम्हा मायलेकींशिवाय कोणाचं काय होतं ते कोणालाच कळलं नाही. दिवे लागायच्या आत ढीग संपला.

फक्त दगडूकाकांचे तीनशे निघाले नाहीत. हिरवट धूळ! आम्ही नाली काठीने ढवळली. शेळीकडे सगळ्यांनी बघितलं.

"माही शेळी तसली न्हाई!" शांताबाई म्हणाली.

बाहेर पारावर मोठी माणसं बसली. त्यातले एक म्हणाले, "या पोरीनं एक तासात गावाची भांडणं मिटवली. तलाठ्याला सहा महिने लागले असते. शिकू द्या तिला तेच."

"व्हय, व्हय," चौघंही म्हणाले. चार लोकं! मी दारामागे बोटांवर मोजली.

"पण प्रज्ञाच्या मायला त्या खोलीत सोडू नका," दगडूकाकांनी पुस्ती जोडली.

खोली त्याच दिवशी बंद झाली, कारण लोकांनी आपापली पुस्तकं छातीशी धरून घरी नेली. यांनी तिथेच पायरीवर बसून फॉर्मवर सही केली. मग मला म्हणाले, "ज्यानं झटकलं त्यानं काकांचे तीनशे भरायचे." बरोबरच होतं. माझ्या आठ कोंबड्या होत्या.

प्रज्ञा बी.लिब. झाली, नंतर एम.लिब.सुद्धा, आणि आता एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मी तिथे एकदाच गेले. तिने मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या दोन्ही हातांत चहाचा कप दिला. दोन्ही हातांत.

काकांचे तीनशे मी अंड्यांतून फेडले, दर बाजाराला वीस रुपये. हप्ता काकांना नाही, काकूंना द्यायचा, असं काकूंनी ठरवलं होतं. काका ओसरीवर बसून माझ्या हातातून नोट त्यांच्या हातात जाताना बघायचे, सोयरा परगावी चालल्यासारखे. दिवाळीच्या आधल्या बाजारी मी शेवटचे वीस दिले. काकूंनी मोजले, कनवटीला लावले आणि हसून म्हणाल्या, "फिटलं गं बाई सगळं. आता मनात काही ठेवू नको. बस, शेंगा भाजल्यात, घेऊन येते."

मला इतकं हलकं वाटलं! मी ऐसपैस बसले. काकू शेंगा आणायला आत निघाल्या, आणि जाता जाता फळीवरचं पंचांग, लाइटचं बिल आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून सोबत घेऊन गेल्या.